उपटू नका, खोदा

नमस्कार. शेतकरी बंधू-भगिनींनो, आजचा विषय आहे कपाशीवरची मर, म्हणजे झाड सुकवणारं दुखणं, आणि सूत्रकृमी, म्हणजे मुळांवर जगणारा, डोळ्याला न दिसणारा बारीक कृमी. कार्यक्रमपत्रिकेत त्यापुढं 'एकात्मिक व्यवस्थापन' असंही लिहिलंय, ते वेळ उरला तर बघू. मला आज मुळात एकच गोष्ट सांगायची आहे आणि बोलता बोलता ती मी तीन-चारदा तरी सांगणार. रेडिओवर मागचं पान उलटून बघता येत नाही, म्हणून. ती गोष्ट अशी: कपाशीचं झाड सुकायला लागलं की ते उपटू नका. खोदा.

हे शहाणपण मला पुस्तकातून आलेलं नाही. ते एका आजींनी दिलं, आणि चांगलं पाण्यात बुडवून दिलं.

नोकरीचं माझं दुसरं वर्ष होतं. पदवी नवी, आवाज मोठा, आणि खिशात कलमं करायचा दुमडता चाकू. हा चाकू माझ्या वडिलांचा. त्याची मूठ घासून इतकी गुळगुळीत झाली होती की घामेजल्या हातातून सटकायची. तर एका शेतकऱ्यांचा निरोप आला, कपाशी जागोजागी बसतेय, येऊन बघा. गेलो. चार एकरांचं वावर, पीक दोन-अडीच महिन्यांचं, पात्या लागलेल्या. मधोमध खळ्याएवढा डाग. डागातली झाडं गुडघ्याच्या खाली, बाहेरची कमरेला लागलेली. खालची पानं कडेकडून पिवळी पडून करपत आलेली आणि भर दुपारी काही झाडांनी माना टाकलेल्या. त्या शेतकऱ्यांना सगळे अण्णा म्हणायचे, म्हणून मीही अण्णाच म्हणायला लागलो.

मी वाकलो, एक झाड बुंध्याशी धरलं आणि जोर लावून ओढलं. कटकन आवाज झाला, सोटमूळ हातात आलं. चाकू काढला, बुंधा तिरका छाटला. सालीच्या आत, लाकडात, तपकिरी कडं. पुस्तकात असतं अगदी तसं. मी ते अण्णांच्या डोळ्यांसमोर धरलं आणि म्हणालो, "अण्णा, ही मर. फ्युजॅरियम नावाची बुरशी. मुळातून शिरते, पाणी वर नेणाऱ्या नळ्या बंद करते." अण्णांनी विचारलं, "मग करायचं काय?" मी बुरशीनाशकाची आळवणी, म्हणजे बुंध्याशी औषधाचं पाणी ओतायचं, असं लिहून दिलं. पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा करा म्हणालो. वहीत नोंद केली, तारीख टाकली, सही केली.

आळवणी झाली. पंधरा दिवसांनी दुसरीही झाली. अण्णांनी पाठीवर पंप घेऊन झाड न झाड भिजवलं. आणि डाग वाढला. नुसता वाढला नाही, लांबला. आधी खळ्यासारखा गोल होता, तो आता नांगराच्या तासांच्या दिशेनं लांबट दिसायला लागला. आज असा लांबट डाग दिसला की मी बांधावरूनच ओळखतो, कारण सूत्रकृमी स्वतःच्या पायानं, म्हणजे पाय नाहीतच त्याला, पण स्वतःच्या बळावर हंगामात हात-दीड हातसुद्धा धड जात नाही. त्याला नेतो तो नांगर, वखर, ट्रॅक्टरचं चाक, वाहतं पाणी, आपल्या चपलेची माती. तेव्हा मात्र मला त्या लांबट डागात काही दिसलं नाही. मी औषधाची मात्रा वाढवायचा विचार करत होतो.

तिसऱ्या खेपेला गेलो तेव्हा अण्णा काही बोलले नाहीत. तेच जास्त लागतं. त्यांच्या आई, वय सत्तरीच्या पुढं, बांधालगत खुरपत बसल्या होत्या. बांधाच्या कडेला घरापुरत्या दोन ओळी भेंडीच्या होत्या. आजी मान वर न करता म्हणाल्या, "कपाशीला औषध पाजलं, ते ठीक. पण माझी भेंडी का खुरटली, ते सांग की बाबा."

मी सांगायला लागलो. भेंडी आणि कपाशी एकाच कुळातल्या, तेव्हा ही बुरशी भेंडीवरही येऊ शकते, असं बरंच काही. आजींनी ते ऐकलं की नाही, माहीत नाही. त्यांनी खुरप्यानं भेंडीच्या भोवती चारी बाजूंनी माती मोकळी केली, वीतभर खोल गेल्या, मातीच्या ढेकळासकट झाड अलगद वर काढलं आणि शेजारच्या बादलीत सोडलं. हलवलं नाही, झटकलं नाही. नुसतं भिजू दिलं. माती आपोआप सुटत गेली. मग त्यांनी ते पाण्याबाहेर काढलं आणि माझ्यापुढं धरलं.

श्रोतेहो, ते मूळ म्हणावं की आल्याचा गड्डा! जागोजागी फुगलेलं, गाठीला गाठ चिकटलेली, काही गाठी बोराएवढ्या. आजी म्हणाल्या, "याला तर गळवं झालीत. हे पाणी कसलं ओढणार?"

मी गप्प. मग अण्णांनी कुदळ आणली, आणि डागाच्या कडेचं कपाशीचं एक झाड आजींच्या पद्धतीनं काढलं. बादलीत भिजवलं. भेंडीइतकं भडक काही दिसलं नाही, कारण कपाशीवरच्या गाठी बारीक असतात. पण बारीक मुळांवर बघितलं तर ज्वारीच्या दाण्याएवढे, मोहरीएवढे मणी, ओवल्यासारखे. मी नखानं एक मणी खरवडून बघितला, निघाला नाही. ही खूण लक्षात ठेवा. मूग, उडदाच्या मुळावर नत्राच्या गाठी असतात, त्या नखानं सुटतात, आणि फोडल्या तर आत गुलाबी असतात. त्या चांगल्या. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच सुजलेलं असतं, ती सुटत नाही. सुटली तर चांगली, न सुटली तर वाईट.

आता माझी चूक कुठं झाली? मी दोनदा झाडं बघितली होती, पण ओढून. ओढलं की सोटमूळ हातात येतं आणि बारीक मुळं जमिनीत तुटून राहतात. गाठी त्या बारीक मुळांवर. म्हणजे पुरावा मी स्वतःच्या हातानं जमिनीत पुरत होतो आणि वर चाकूनं निदान करत होतो. तपकिरी कडं खोटं नव्हतं, बुरशी होतीच. पण ते अर्धं निदान होतं. म्हणून पुन्हा सांगतो, उपटू नका, खोदा.

(इथं जरा विषयांतर. आजकाल मला मोबाईलवर पिकांचे फोटो येतात. दिवसाला वीस-वीस. पानाचा फोटो, पानाच्या मागचा फोटो, पान हातात धरलेला फोटो, एकात तर हातातली अंगठीच जास्त स्पष्ट. पण मुळाचा फोटो? वर्षाकाठी दोन. माणूस आजारी पडला तर डॉक्टर जीभ बघतो, पोट दाबतो. झाडाचं पोट जमिनीखाली असतं, तिकडं कुणी वळतच नाही. आणि कुदळ तर आता पुष्कळ घरांत कोपऱ्यात गंजत पडलीय. असो.)

मला सगळ्यात जास्त लाज कशाची वाटली सांगू? ही गोष्ट मी परीक्षेसाठी पाठ केली होती. १८९२ साली अमेरिकेत, अलाबामा राज्यात, जॉर्ज ॲटकिन्सन नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञानं लिहून ठेवलं होतं की जिथं कपाशीच्या मुळांवर गाठ-सूत्रकृमी असतात तिथं मर जास्त भयंकर येते. पुढं १९१२ साली तिथल्या कृषी खात्याच्या ऑर्टन आणि गिल्बर्ट या दोघांनी मर आणि मुळावरच्या गाठी या दोन्हींवर मिळून एकच परिपत्रक काढलं. दोन दुखणी, एकच कागद. शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट. मला त्यावर दोन गुणांचा प्रश्नही आला होता आणि दोन्ही गुण मिळाले होते. आजींना ते गुण द्यायला हवे होते.

हे दोघं एकमेकांना मदत कशी करतात, ते थोडक्यात. गाठ-सूत्रकृमीचं पिल्लू अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान, डोळ्याला दिसत नाही. तोंडात सुईसारखी सोंड. मुळाच्या टोकाशी शिरतं, एका जागी बसतं आणि भोवतालच्या पेशींना फुगवून त्यांचं खाण्याचं कोठार करतं. झाड आपली साखर त्या कोठाराकडं पाठवत राहतं. बुरशीला हेच हवं असतं. नुसती जखम झाली म्हणून ती आत येते असं नाही. सूत्रकृमीनं झाडाची ताकदच पोखरलेली असते. म्हणून तर मर सहन करणारा वाणसुद्धा गाठ-सूत्रकृमीच्या रानात मान टाकतो. माझी आळवणी वाया गेली ती याचमुळं. बुरशीनाशक बुरशीवर, सूत्रकृमी आपला निवांत.

आणि वाढतो किती! सत्तावीस-अठ्ठावीस अंश तापमान असलं की महिनाभराच्या आत एक पिढी पूर्ण होते. एक मादी चिकट पिशवीत तीनशे ते पाचशे अंडी घालते. कपाशी शेतात पाच-सहा महिने उभी असते. हिशेब तुम्हीच करा.

अण्णांच्या रानात हे आलं कुठून? विचारत विचारत गेलो तर कळलं, तीन वर्षांपूर्वी त्याच तुकड्यात टोमॅटो होता आणि रोपं बाहेरून आणली होती. टोमॅटो, वांगी, भेंडी ही सगळी गाठ-सूत्रकृमीची आवडती. रोप आणताना मुळं धुऊन बघणारा माणूस मी अजून पाहिला नाही. त्यानंतर सलग दोन वर्षं कपाशी.

मग आम्ही काय केलं? चार खुंट ठोकून डाग आखला, आणि खुंट डागाच्या बाहेर पाच-पाच पावलं टाकून ठोकले. शेवटची वेचणी झाल्यावर पऱ्हाटी मुळासकट काढली, डागातली तिथंच जाळली. फरदड, म्हणजे वेचणीनंतर त्याच झाडांच्या फुटव्यावर घ्यायचं पीक, अजिबात ठेवली नाही. मुळं जिवंत ठेवली तर सूत्रकृमीची पंगत चालूच राहते. उन्हाळ्यात दोनदा खोल नांगरट, माती तापू दिली. पुढच्या वर्षी तिथं भुईमूग, त्याच्या पुढच्या वर्षी ज्वारी. तिसऱ्या वर्षी कपाशी घेतली, पेरणीआधी दोन-तीन आठवडे निंबोळी पेंड मातीत मिसळली, बियाण्याला ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी चोळली. आणि अण्णा दरवेळी त्या तुकड्यात औत सगळ्यात शेवटी घालायचे, मग धुऊन ठेवायचे. डाग गेला का? नाही. सूत्रकृमी जमिनीतून पूर्ण जात नाही, तशी आशा कुणी लावली तर ऐकू नका. पण झाडं कमरेला लागली आणि बोंडं धरली.

आजींनी मात्र एक गंमत केली. भेंडीच्या दोन्ही ओळी त्यांनी दूरच्या बांधाला नेल्या, पण दर वर्षी डागाच्या आत भेंडीच्या चार बिया टोकायच्या. चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी एक झाड खोदायचं, बादलीत भिजवायचं, गाठी बघायच्या. "माझी तपासनीस," म्हणायच्या. ही आजींची करामत खरोखर उपयोगाची आहे, प्रयोगशाळेतसुद्धा टोमॅटोची रोपं लावून अशीच परीक्षा करतात. तुमच्या संशयाच्या जागी चार भेंड्या लावा. फक्त परीक्षा झाली की मुळासकट काढून टाका, तिथं वाढू देऊ नका.

काचेपलीकडून हात दिसायला लागलाय, म्हणजे निम्म्याहून जास्त वेळ आजींनी खाल्ला. बाकीचं भराभर सांगतो.

गाठी दिसल्या नाहीत म्हणजे सूत्रकृमी नाहीत, असं नाही. भारी, बारीक कणांच्या जमिनीत दुसरा एक असतो, मूत्रपिंडासारख्या आकाराचा, रेनिफॉर्म. तो गाठ करत नाही. त्याची मादी निम्मी मुळात आणि निम्मी बाहेर असते, बाहेरच्या भागावरच्या अंड्यांच्या चिकट पिशवीला मातीचे कण चिकटतात. त्यामुळं मूळ धुतलं तरी मळकट दिसतं. धुऊनही मळकट, ही त्याची खूण. डागही ठसठशीत नसतो, पीक सगळीकडं जरा जरा खुजं, एका उंचीला न आलेलं. आजींची भेंडी इथं फसते, इथं माती तपासूनच घ्यावी लागते. आणि हा कोरड्या मातीत तग धरतो, म्हणून नुसत्या उन्हाळी नांगरटीवर भिस्त ठेवू नका.

यात एक अडचणीची गोष्ट आहे. रेनिफॉर्मला तूर चालते, सोयाबीन चालतं, एरंडी चालते, चवळी चालते. म्हणजे कपाशीत तुरीच्या ओळी आणि फेरपालटाला सोयाबीन, असं आपण मोठ्या हौशीनं करतो तेव्हा त्याला वर्षभराची सोय करून देतो. त्याच्यासाठी ज्वारी, मका, भुईमूग बरे. पण मका गाठ-सूत्रकृमीला चालतो! म्हणून आधी कोणता आहे ते ओळखा, मग फेरपालट ठरवा. कपाशीवर जो गाठ-सूत्रकृमी येतो, इन्कॉग्निटा नावाचा, त्याला भुईमूग चालत नाही. पण गाठ-सूत्रकृमीच्याच दुसऱ्या जाती भुईमुगावर येतात, म्हणून ओळख पटवल्याशिवाय भुईमूग नको. झेंडूही चांगला, पण पीक म्हणून दाट लावला तर. बांधावरच्या शोभेच्या चार झेंडूंनी काही होत नाही.

आता मरीबद्दल दोन शब्द. सगळी मर बुरशीची नसते. मोठी उघडीप पडली, मग जोराचा पाऊस आला, पाणी साचलं, ऊन पडलं आणि बोंडांनी लगडलेली झाडं एक-दोन दिवसांत ढेपाळली, तर ती आकस्मिक मर. बुंधा कापा, लाकूड पांढरं. मूळ खोदा, गाठी नाहीत. हा रोगच नाही, मुळांचा श्वास कोंडलेला असतो. तिथं आधी पाणी काढा, बुंध्याजवळची माती मोकळी करा. लक्षणं दिसताच कोबाल्ट क्लोराईडची फवारणी सांगतात, १०० लिटर पाण्यात १ ग्रॅम. उशीर झाला तर उपयोग नाही. आणि झाड हलक्या हातानं उपसून आलं, मुळाची साल चिंध्यांसारखी निघाली तर ती मूळकूज. मरीचं झाड सहज उपसत नाही. पुन्हा सांगतो: कापा, आणि खोदा. कापलं तर बुरशी कळते, खोदलं तर सूत्रकृमी कळतो.

देशी कपाशी, म्हणजे आर्बोरियम आणि हर्बेशियम, यांच्यावर भारतातली फ्युजॅरियम मर जुनी. तिच्या चौथ्या प्रकाराची, रेस चारची, ओळख १९६० मध्ये भारतातल्या नमुन्यांवरूनच पटली. ही रेस चार सूत्रकृमीची मदत न घेताही झाड मारते आणि बियाण्यातून प्रवास करते. २००१ मध्ये ती कॅलिफोर्नियात सापडली. म्हणून मर आलेल्या रानातलं बी पुढच्या वर्षासाठी राखू नका. अमेरिकन कपाशीवर थंड मातीत व्हर्टिसिलियम नावाची दुसरी बुरशी येते. तिचे काळे बारीक दाणे जमिनीत दहा-बारा वर्षंही टिकतात.

कुणी म्हणेल, बियाणं बीटी आहे, मग हे कसं? बीटी बोंडअळीसाठी आहे. सूत्रकृमीला आणि बुरशीला तिचं काही देणंघेणं नाही. सूत्रकृमीला दाद न देणारे वाण शास्त्रज्ञांनी जरूर काढलेत. १९७४ मध्ये नोंद झालेला ऑबर्न ६२३ हा त्यांतला मूळपुरुष म्हणा, आणि त्याच्या आईबापांपैकी एक, क्लीव्हविल्ट, नावावरूनच कळतं, मरीसाठी निवडलेला होता. तुमच्या बियाण्यात तो गुण आहे का, हे पाकिटावर शोधा, दुकानदाराच्या तोंडावर नको.

खतात पालाश, म्हणजे पोटॅश, विसरू नका. पालाश कमी आणि नत्र जास्त, म्हणजे मरीला आमंत्रण. गाठी झालेलं मूळ तसंही पालाश नीट उचलत नाही. औषध घ्यायचंच असेल तर लेबलवर 'कापूस' आणि 'सूत्रकृमी' हे दोन्ही शब्द आहेत का ते वाचा. एक असून भागत नाही.

शेवटी मातीचा नमुना, हे लिहून घेतलं तरी चालेल. शेवटच्या वेचणीच्या सुमारास घ्या, तेव्हा सूत्रकृमींची संख्या सर्वात जास्त असते. मेलेल्या झाडाखालची माती नको, मूळ मेलं की सूत्रकृमी तिथून निघून जातात. डागाच्या कडेला, अजून जिवंत असलेल्या झाडांखाली, वीतभर खोल, पंधरा-वीस ठिकाणांहून थोडी थोडी माती आणि बारीक मुळं घ्या. एकत्र करा, त्यातली अर्धा किलो प्लॅस्टिकच्या पिशवीत भरा, तोंड बांधा. पिशवी उन्हात ठेवू नका, गाडीच्या टपावर तर अजिबात नको, सूत्रकृमी मेले की अहवालात शून्य येतं आणि तुम्ही खूश होता. आत शेताचं नाव आणि मागच्या तीन वर्षांची पिकं लिहिलेली चिठ्ठी टाका, पेन्सिलीनं लिहा, शाई ओलीनं फुटते.

वेळ संपली. नमस्कार.